आधी कंट्रोल प्लॉट दाखवा



या पानावर मी एरवी पेर, फवारणी, पाऊसपाणी आणि बाजार यावरच लिहितो. आज आहाराच्या चाचण्यांवर लिहितोय. शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणाला वाटंल. संबंध असा आहे की, माणसानं काय खाल्लं म्हणजे काय होतं यावर दवाखान्यात आणि कॉलेजात ज्या चाचण्या होतात, त्यांचं नाव पुढं करून आपण काय पेरायचं हे सांगायला आता लोक यायला लागलेत. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून तर फारच. आमच्या भागातल्या प्रत्येक मेळाव्यात एक तरी माणूस पडद्यावर आलेख दाखवून म्हणतो, "संशोधनानं सिद्ध झालंय." मेळावा उठला की मांडवाबाहेर त्याच्याच कंपनीचं बियाणं नाहीतर पिठाचं पाकीट विकायला ठेवलेलं असतं.

अशाच एका बोलण्यावर आमच्या शिवारात तिघांनी राळा आणि वरई केली. खरेदीची हमी होती, पण तोंडी. माल खळ्यावर आला तेव्हा त्या माणसाचा फोन बंद. आमच्या मोंढ्यात राळ्याला आडत्या हात लावीना. शेवटी पाखरांचं खाद्य विकणाऱ्यानं नेला, त्यानं म्हटला तो भाव.

राळा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की, 'सिद्ध झालंय' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: कंट्रोल प्लॉट कुठाय?

हा प्रश्न विचारायचा हक्क डॉक्टराच्या आधी आपला आहे, बरं का. चाचणीची ही पद्धत शेतात जन्मली. इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे, तिथं १८४३ पासून एकाच रानात गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. १९१९ साली तिथं रोनाल्ड फिशर नावाचा गणिती आला. त्यानं दाखवलं की वाण किंवा खत तपासायचं असंल तर वाफे चिठ्ठ्या टाकून ठरवा, एकच गोष्ट अनेक वाफ्यांत करा आणि शेजारी काहीच न केलेला वाफा ठेवा. कारण आपल्याला तर माहीतच आहे: एकाच गटातली नाल्याकडची बाजू भारी काळी असती, टेकाडाची मुरमाड. आपल्या लाडक्या वाणाला काळी दिली आणि दुसऱ्याला मुरूम दिला तर कोण जिंकणार हे पेरायच्या आधीच ठरलं. फिशरचं यावरचं पुस्तक १९२५ ला आलं. डॉक्टर लोकांनी चिठ्ठ्या टाकून नीट चाचणी केली ती क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसीन औषधावर, ती छापली १९४८ ला. म्हणजे वीस-बावीस वर्षं आपण पुढं होतो. आज राहुरी-परभणीच्या फार्मवर कुणीही पोरगा रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन म्हणतो तेच हे. तेव्हा 'तुम्ही दहावी शिकलेले, तुम्हाला क्लिनिकल ट्रायलचं काय कळतंय' असं कुणी म्हणू नये. बांधाकडची ओळ मोजणीतून सोडायची असते, हे मला कळतंय.

आता मेळाव्यात दाखवतात तो आलेख. भरडधान्यानं साखर कमी होते, हा दावा बहुतेक २०२१ च्या एका अभ्यासावरून येतो. हैदराबादच्या इक्रिसॅटच्या पुढाकारानं तो झाला. अकरा देशांतले जुने अभ्यास गोळा करून त्यांची एकत्र बेरीज मांडली होती. जेवणानंतरची साखर सरासरी १५ टक्के आणि उपाशीपोटीची १२ टक्क्यांच्या आसपास कमी, असं निघालं. अभ्यास खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण बेरजेत घेतलेले अभ्यास ६५, आणि सगळी मिळून माणसं सुमारे १,०००. भागाकार करा. एका अभ्यासाला सरासरी पंधरा माणसं. त्यातले बरेचसे अभ्यास असे, की माणसाला एकदा खायला घातलं आणि पुढचे दोन तास साखर मोजली. यातून 'भातापेक्षा नाचणी-बाजरी बरी दिसते' एवढं म्हणता येतं. मेळाव्यात मात्र म्हणतात, "शुगर जाते, गोळी सुटते." पंधरा झाडांवर फवारून दोन तासांनी रिझल्ट सांगणाऱ्या औषधवाल्याला आपण चहा तरी पाजू का? माझ्या ओळखीत एकानं गोळी सोडली होती हो. पुढचं लिहीत नाही, घरचे लोक हे पान वाचतात.

हे आलेख मुळात बाहेरून येतात, म्हणून बाहेरच्या मोठ्या चाचण्यांचं थोडं सांगतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिकडं वारं कसं फिरत गेलं ते त्यातून कळतं.

आधी गोळीचा जमाना होता. गाजर, पालेभाज्या खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, असं पाहणीत आलं. मग लोकांनी विचार केला, गाजरातलं नारंगी द्रव्य, बीटा कॅरोटीन, तेवढंच काढून गोळीत भरू. फिनलंडमधे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ ला निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेतली तसलीच दुसरी चाचणी १९९६ ला मधेच थांबवावी लागली, तिथं २८ टक्के जास्त निघाला. शेणखतानं रान सुधारतं म्हणून शेणखतातलं एकच द्रव्य काढून पोत्यानं टाकायचं, तसला हा प्रकार. पण इथं एक गोष्ट मान्य करा, कंट्रोल होता म्हणून हे कळलं. नाहीतर आज ती गोळी प्रत्येक मेडिकलात असती आणि 'निसर्गातून' असं वर लिहिलेलं असतं.

मग तेल-तुपाची पाळी. अमेरिकेत ४८,८३५ बायकांवर आठ वर्षं चाचणी झाली. काहींना चरबी कमी करून भाज्या-धान्य वाढवायला शिकवलं, बाकीच्यांना जसं खाताय तसं खा म्हटलं. निकाल २००६ ला. हृदयविकार, अर्धांग, स्तनाचा कॅन्सर, कशातच ठळक फरक नाही. कारणं बरीच सांगतात. मला पटणारं एक असं की, चरबी २० टक्क्यांवर आणायची ठरली होती आणि सहाव्या वर्षी ती २९ च्या आसपास होती. म्हणजे प्लॉटला जे द्यायचं ठरलं ते पोचलंच नाही. माणूस म्हणजे वाफा नव्हं. वाफा रात्री उठून पावण्याच्या घरी जेवायला जात नाही. याच कारणानं अमेरिकेत २०१९ ला वीस माणसं चार आठवडे दवाखान्यातच ठेवून जेवू घातली. दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद खाणं, दोन आठवडे साधं रांधलेलं, आणि हवं तेवढं खा. पाकिटाच्या खाण्यावर माणसं दिवसाला ५०० कॅलरी जास्त खात होती. चाचणी स्वच्छ, पण माणसं वीस आणि दिवस अठ्ठावीस. आहाराच्या चाचणीचं हे दुखणंच आहे: नीट करायची तर छोटी राहते आणि मोठी करायची तर माणसं हातात राहत नाहीत.

तरी हे जमवलेलं एक उदाहरण आहे आणि न जमलेलंही एक आहे. कृषी कॉलेजातल्या पोरांनी ही दोन शेजारी ठेवून वाचावीत.

स्पेनमधे ७,४४७ लोकांवर ऑलिव्ह तेल आणि सुकामेव्याची चाचणी झाली. २०१३ ला छापली, हृदयविकार-अर्धांग ३० टक्क्यांच्या आसपास कमी म्हणून जगभर गाजली. तेल आणि सुकामेवा उत्पादकांनी फुकट दिला होता, ते असू द्या. २०१८ ला तो लेख मागं घ्यावा लागला. का? चिठ्ठ्या माणसागणिक टाकायच्या होत्या, पण काही ठिकाणी एकाला जे मिळालं तेच घरातल्या दुसऱ्यालाही दिलं, आणि एका केंद्रावर तर अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला. गणित मात्र प्रत्येक माणूस स्वतंत्र धरून केलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एका सरीत दहा झाडं लावली आणि दहा रेप्लिकेशन झाली म्हणून लिहिलं. पुन्हा हिशेब करून त्यांनी लेख परत छापला. आकडा साधारण तोच आला, पण बोलणं मवाळ झालं. झालेली चूक उघड लिहून परत छापली, ही त्यांची गोष्ट मला आवडली. आपल्याकडं प्रात्यक्षिक प्लॉट फसला तर बोर्डच उपटून नेतात.

आता दुसरं. चीनमधे ६०० खेडी घेतली. खेड्यागणिक चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या खेड्यांत ज्यांना आधी अर्धांग होऊन गेलं होतं किंवा साठीच्या पुढं बीपी जास्त होतं, अशांना वेगळं मीठ दिलं, ज्यात पाव हिस्सा पोटॅशियमचं मीठ होतं. बाकी निम्म्यांत नेहमीचं मीठ. एकूण २०,९९५ माणसं, जवळपास पाच वर्षं. २०२१ ला निकाल आला: अर्धांगाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. (किडनीचा त्रास असलेल्यानं असलं मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नये.) यात काय केलं बघा. खेडं हाच प्लॉट धरला आणि हिशेबातही खेडंच प्लॉट म्हणून मोजलं. रोज घरात येणारी, स्वस्त, साधी वस्तू निवडली. कुणाला जेवण बदला म्हणून उपदेश केला नाही. खेड्यातली माणसं घेतली, शहरातल्या दवाखान्याच्या रांगेतली नाही. अशी चाचणी आपल्या तालुक्यात का होत नाही, हा माझा खरा राग आहे.

होत नाही, कारण पैसा. ज्याला पाकीट विकायचंय तो चाचणीला पैसे देतो. २००७ ला एक अभ्यास छापला गेला, त्यात शीतपेयं, फळांचे रस आणि दूध यावरचे २०६ लेख तपासले. ज्या चाचण्यांचा सगळा पैसा उद्योगाचा होता त्यातली एकही त्या उद्योगाच्या विरोधात गेली नाही. ज्यात उद्योगाचा पैसा नव्हता त्यातल्या ३७ टक्के विरोधात गेल्या. शून्य आणि सदतीस! ऊसवाल्या दोस्तांनो रागावू नका, पण अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं साठच्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन चरबीवर बोट ठेवणारा आणि साखरेला हळू हातानं घेणारा लेख लिहून घेतला होता. १९६७ ला तो छापला, आणि पैशाची कागदपत्रं बाहेर आली २०१६ ला. पन्नास वर्षं!

ज्याचं बियाणं घरच्या कणगीत राहतं, त्याच्या चाचणीला कोण पैसे लावणार? तरी एक झाली, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच झाली. धनशक्ती बाजरी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी केली असंल. इक्रिसॅट आणि राहुरीच्या विद्यापीठानं मिळून काढलेला, जास्त लोहाचा सुधारित वाण, २०१२ ला महाराष्ट्रासाठी आला. संकरित नाही, बियाणं ठेवता येतं. तर जास्त लोहाच्या बाजरीवर ग्रामीण महाराष्ट्रात १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलांवर चाचणी झाली, २०१५ ला छापली. पैसा हार्वेस्टप्लस या संस्थेचा, बियाणं कंपनीचा नाही. निम्म्या मुलांना किलोला ८६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असलेली बाजरी, निम्म्यांना साधी, २१ ते ५२ ची. दोघांनाही दिवसातून दोन वेळा भाकरी. भाकरी तीच, पीक तेच, फरक वाणाचा. याच्यापेक्षा चोख कंट्रोल कुठला? ही तर आपली वाण चाचणीच झाली, फक्त मोजणी रक्तात केली. ज्या मुलांत लोह कमी होतं, त्यांची सहा महिन्यांत भरून निघायची शक्यता जास्त लोहाच्या भाकरीवर १.६४ पट निघाली. पुढं २०१८ ला यातल्याच १४० मुलांचा दुसरा लेख आला, त्यात लक्ष आणि स्मरणशक्तीच्या परीक्षेतही फरक दिसला.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर मी आणि मेळाव्यातला माणूस सारखेच. मुंबईत झोपडपट्टीतल्या वर्ष-दीड वर्षाच्या बाळांना जास्त लोह-जस्ताच्या बाजरीचं खाणं नऊ महिने दिलं, निकाल २०२२ ला आला. एकूण बाळांत साध्या बाजरीपेक्षा रक्तातल्या लोहात ठळक फरक दिसला नाही. बाळ खाऊन खाऊन खातं किती, हाही प्रश्न आहे. म्हणजे एक चाचणी बाजूनं, एक तटस्थ. शहाण्यानं काय करावं? तिसरी, मोठी, खेड्यांची चाचणी करावी.

पण झालं काय? लोह आलं ते तांदळातून. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत रेशन, पोषण आहार, अंगणवाडी, सगळीकडं लोहयुक्त तांदूळ गेला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून कारखान्यात दाण्याच्या आकाराचे दाणे पाडतात आणि शंभराला एक असे मिसळतात. आमच्याकडं बाया ते दाणे प्लास्टिकचे समजून निवडून टाकतात, हे मी रोज बघतो. आणि चाचण्या काय म्हणतात? जगभरच्या चाचण्या गोळा करून निष्पक्ष आढावा घेणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिच्या २०१९ च्या आढाव्यात लोहयुक्त तांदळानं रक्तक्षयाच्या धोक्यात फारसा फरक पडत नसावा, असा सावध निष्कर्ष आहे. म्हणजे घोषणेच्या दोन वर्षं आधी हे छापलेलं होतं. ज्या वस्तूची चाचणी लंगडी तिला देशभराचा हुकूम, आणि जिची चाचणी आपल्याच शाळांत बरी निघाली तिला मोंढ्यात 'बाजरी लाल, बाजरी हिरवी' एवढीच ओळख. २०२५-२६ ला बाजरीचा हमीभाव २,७७५ रुपये क्विंटल. दाण्यात लोह २१ आहे का ८६, हे ना आडत्या विचारतो ना सरकारी काटा.

शास्त्रज्ञ मंडळी म्हणतील, दादा, बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, रेशनला चालत नाही. पीठ होतं, दाणा होत नाही. रेशनवर गहू दाण्यानंच देता ना? म्हणतील, सुधारित वाण संकरितापेक्षा कमी उतरतो, शेतकरीच करत नाही. बरोबर आहे. एकरी दोन-तीन पोती कमी घेऊन तोच भाव मिळणार असंल तर कोण करंल? २०१८ पासून बाजरीच्या नव्या वाणाला किलोमागं किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असल्याशिवाय शिफारस मिळत नाही, हा नियम तुम्हीच केलाय आणि तो चांगलाय. मग त्याच गुणाला बाजारात किंमत का नाही?

जाता जाता तरुण पोरांसाठी. भारतात माणसांवरच्या चाचण्यांची नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, २००७ ला सुरू झाली. मोबाईलवर कुणालाही फुकट बघता येते. चाचणीआधीच तिथं लिहून ठेवायचं असतं, काय देणार, कुणाला, किती दिवस, काय मोजणार. हे फार महत्त्वाचं आहे. नाहीतर दाणा भरला नाही की कडबा मोजतात, कडबा कमी पडला की झाडाची उंची मोजतात, आणि काहीतरी वाढलंय म्हणून बोर्ड लावतात. पुढच्या मेळाव्यात आलेख दिसला की नोंदणी क्रमांक मागा. किती माणसं, किती दिवस, कशाशी तुलना, पैसा कुणाचा, हेही विचारा. मी मागच्या वेळी विचारलं तर माईक माझ्या हातातून काढून घेतला आणि चहा आलाय म्हणून जाहीर केलं.

आता विद्यापीठाचे, कृषी विज्ञान केंद्राचे, पोषण संस्थेचे जे कुणी साहेब हे पान वाचतात त्यांना. आमच्या बाजरीच्या पट्ट्यातली शंभर खेडी घ्या. खेड्यागणिक चिठ्ठ्या टाका. पन्नास खेड्यांत रेशनवर आणि शाळेत जास्त लोहाची बाजरी द्या, पन्नासात साधी बाजरी द्या. दोन वर्षं रक्त तपासा, शाळेतल्या पोरांचं आणि पोरींचं, पोटुशी बायांचंही. निकाल उलटा आला तरी छापा. आणि चाचणीपुरती का होईना, जास्त लोहाच्या मालाला क्विंटलमागं वेगळा भाव द्या म्हणजे शेतकरी बियाणं भेसळ न करता जपंल.

पहिल्या वर्षाला माझं दोन एकर रान घ्या, विहिरीकडचं नाही, वरचं कोरडवाहू, जिथं बाजरीच येते. पेर, खुरपणी, राखण माझी. रान आडबाजूला आहे, आसपास दुसरी बाजरी नसते, त्यामुळं परागाची भेसळ नाही. बियाणं आणि नमुने तपासायची सोय तेवढी तुमची. मृग निघायच्या आत कळवा, नंतर तिथं मटकी टाकतो.